एक स्क्रू कमी

मिनेसोटाच्या कोरड्या थंडीत मोजे घालून कार्पेटवर चाललं की अंगात वीज साठते, म्हणून कॉलिनने मला मोजे काढायला लावले. “एक ठिणगी उडाली तर नवा प्रोसेसर जाईल, बायको!” त्याने तो गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये श्वास रोखून बसवला, मेमरीच्या नव्या पट्ट्या दाबल्या. झाकण लावताना एक स्क्रू सापडेना. “त्याच्यावाचून चालतंय की,” म्हणत तो खेळायला बसला. बाळ झोपेतून उठलं की रांगणार, दिसेल ते तोंडात घालणार. मी गुडघ्यांवर बसून कार्पेट चाचपत होते. “पुरे गं, तुझ्याच डोक्यातला स्क्रू ढिला झालाय!” मी उठले, कॉम्प्युटर बंद केला, झाकण काढून दोन्ही पट्ट्या उपटल्या. “अगं, काय करतेस?” पट्ट्या मुठीत धरून मी मोजे चढवले, कार्पेटवर पाय घासू लागले. “शोध स्क्रू!” “शोधतो! मोजे काढ!” कॉलिन रांगू लागला.