सहा आठवड्यांचा साहेब

शशिकांतने पोहे खायला काटा मागितला. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या त्या घरात काटा नव्हता. मग त्याने चमच्यानेच पोहे खाल्ले, पण आपल्यावर केवढा अन्याय झाला आहे ते शेवटच्या घासापर्यंत चेहऱ्यावर ठेवलं.

समोरच्या खुर्चीत प्रतिमा मान खाली घालून बसली होती. पुण्याहून शशिकांत आणि त्याची आई अनसूयाबाई तिला पाहायला आले होते. तिला हसू येत होतं आणि आज हसून चालणार नव्हतं. बाबांनी सकाळीच दोन गोष्टींची बंदी घातली होती. एक म्हणजे, जर्मनीचं नाव काढायचं नाही. आणि दुसरी, घरात कुणी ‘राहिली’ म्हणायचं नाही. जबलपूरच्या मराठी घरांतून सगळे येऊन राहतात, जाऊन राहतात, करून राहतात. येतो आहे, जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण पुणेकर त्याला हसतात, असं बाबांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

जर्मनीवरची बंदी प्रतिमाला जास्त लागली होती. एम.एस्सी. करता करता तिची तिथल्या एका विद्यापीठात चार महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी निवड झाली होती. जाण्यायेण्याचा, राहण्याजेवणाचा सगळा भार त्यांचा. होकार याच आठवड्यात कळवायचा होता. स्थळ जमलं तर नकार कळवू, असं बाबांनी ठरवून टाकलं. पाकिस्तानशी लढाई थांबली होती, पण खिडकीच्या काचांवरचा ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच होता आणि दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बाबांची दुहेरी पाळीही सुटली नव्हती. थकलेल्या माणसाला मुलीचं लग्न जमलं की आपण सुटलो असं वाटतं.

शशिकांतही जर्मनीला जाऊन आला होता. कॉलेजात असताना, विद्यार्थ्यांच्या एका तुकडीबरोबर. त्याला तीन वर्षं झाली तरी तो अजून पुरता परत आला नव्हता. आल्या आल्या त्याने अंगातला कोट काढून, ‘जर्मनीचा आहे, जपून टांगा,’ असं बजावत बाबांच्या हातात दिला होता आणि बाबांनी तो खुंटीवर देवाचं वस्त्र टांगावं तसा टांगला होता. तो ‘आमच्याकडे’ म्हणाला की पुणं म्हणायचं आहे की जर्मनी, ते नीट लक्ष दिल्याशिवाय कळत नसे. आमच्याकडे रस्त्यात कुणी थुंकत नाही, ते जर्मनी. आमच्याकडे सुना नोकरी करत नाहीत, ते पुणं. अनसूयाबाई प्रत्येक वाक्याला अशी मान डोलवत, जणू त्याही तिथे होत्या. आणि बाबा, फॅक्टरीत शंभर माणसांवर ओरडणारे दिवाकरराव, मूग गिळून बसले होते.

रिकाम्या बश्या उचलायला आई बाहेर आली. सकाळपासून सांभाळलेली तिची जीभ तिथे सुटली.

“बसा ना, चहा आणून राहिली मी,” ती म्हणाली.

“आणून राहिलात?” अनसूयाबाई म्हणाल्या. “मग कुठे राहिलात हो?”

मायलेक पोट धरधरून हसले. आईसुद्धा जराशी हसली, बश्या उचलून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. चहा प्रतिमानेच आणला. आत आई भिंतीकडे तोंड करून उभी होती, हे तिने पाहिलं होतं. बाबांनी एकदा आतल्या पडद्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांपुढे साखर सरकवली. त्या क्षणी प्रतिमाला पाहुण्यांपेक्षा बाबांचाच राग आला.

चहा पिता पिता अनसूयाबाईंनी विषय काढलाच. दीक्षितपुऱ्यात त्या ज्यांच्याकडे उतरल्या होत्या, त्यांनी सगळं सांगितलं होतं. मुलीला जर्मनीचं वेड लागलंय म्हणे. ते आता नाही म्हणून कळवून टाका, म्हणजे पुढची बोलणी करायला आपण मोकळे. बाबांनी हळूच मान हलवली. ती होकाराची होती. प्रतिमाने हातातली कपबशी खाली ठेवली.

शशिकांतने मोठ्या मनाने तिची समजूत घातली. चार महिन्यांत तिथे काय कळणार? भाषा कानाला लागेपर्यंत परतायची वेळ येते. असले छोटे अभ्यासक्रम म्हणजे नुसती हौस, शिक्षण नव्हे.

प्रतिमाने मान वर केली. बंदी मोडायचीच तर नीट मोडावी.

“आपण किती दिवस होता तिकडे?”

शशिकांतने चहाचा लांब घोट घेतला. तो संपल्यावर आणखी एक घेतला.

“सहा आठवडे,” तो म्हणाला.

“पण तेवढ्यात त्याने काय काय पाहिलं,” अनसूयाबाई घाईघाईने म्हणाल्या.

बाबा उठले. आता आपली धडगत नाही, हे प्रतिमाला कळून चुकलं. पण ते तिच्याकडे आले नाहीत. खुंटीपाशी गेले, कोट काढला, त्यावरची धूळ दोनदा झटकली आणि तो शशिकांतच्या मांडीवर ठेवला. मग आतल्या पडद्याकडे तोंड करून, फॅक्टरीत यंत्रांच्या वर चढवायचा तो आवाज त्यांनी पहिल्यांदाच घरात लावला.

“ऐकून राहिली का? बाहेर ये. प्रतिमा जर्मनीला जाऊन राहिली, अन् पाहुणे पुण्याला.”