कॅसलचा जन्मसन

दामिनीला हळद लागत होती, तेवढ्यात अतिक्रमणवाल्यांचं पथक आलं. साहेब दरवाजातल्या संगमरवरी पाटीपाशी थांबले आणि मोठ्यानं वाचू लागले. "रेनेसाँ कॅसल. बांधकाम सन १५६१. एका इटालियन सरदाराचं निवासस्थान. सध्याचा उपयोग : लग्न, मुंज, बारसं."

भारतीबाई हळदीचे हात तसेच घेऊन बाहेर धावल्या. पाटीखाली लेखिका म्हणून त्यांचंच नाव होतं.

तीस वर्षं त्यांनी नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत इतिहास शिकवला. एक सन कधी चुकला नाही. मग मनीषनगरातल्या या हॉलचे मालक गुलाबचंद घरी आले. "मॅडम, किल्ल्याले हिस्ट्री पाहिजे. लिहून द्या, भाचीच्या लग्नाले हॉल फुकट." दामिनीला वडील नव्हते. भारतीबाईंनी एका दुपारी साडेचारशे वर्षं लिहून काढली. नागपूर शहर वसायच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी मनीषनगरात बुरूज उभे राहिले. कोणालाच खटकलं नाही. पाहुणे पाटीला टेकून फोटो काढत.

"बांधकामाची परवानगी?" साहेबांनी विचारलं.

"१५६१ मध्ये कोणाची घेणार साहेब?" गुलाबचंद अदबीनं म्हणाले.

साहेबही पोहोचलेले होते. "वा! म्हणजे पुरातन वास्तू. मग इथं लग्नं लागणार नाहीत. आत्ताच सील ठोकतो. नवी असेल, तर पाडायची नोटीस; पंधरा दिवसांची मुदत. बोला, काय लिहू?"

गुलाबचंदांनी क्षणभरच विचार केला. सील आज ना उद्या निघतं. पाडलेला किल्ला परत उभा राहत नाही.

"जुनाच आहे साहेब! या मॅडम इतिहासाच्या विद्वान आहेत. सांगा ना मॅडम यायले."

सगळे भारतीबाईंकडे पाहू लागले. लग्न उद्या सकाळी होतं. उमरेडहून नवरदेवाची माणसं निघाली होती. आत बायकांचं गाणं रंगात आलं होतं.

"सहा वर्षं झाली बांधून," त्या म्हणाल्या. "बुरूज प्लायवूडचे आहेत. वाजवून पाहा."

साहेबांनी बुरुजावर टकटक केली आणि नोटीस लिहायला घेतली.

"मॅडम!" गुलाबचंद ओरडले. "मंग पाटीवर तसं काहून लिहिलं तुम्ही?"

"ते इतिहासाच्या बाईनं लिहिलं होतं, भाऊ," भारतीबाई म्हणाल्या. "आता नवरीची आत्या बोलून राहिली."