मागे ओढलं की वर

ट्रॅक्टर अंगावर उलटला आणि हेमकांतचं मानेखालचं शरीर लुळं पडलं. निदान उजव्या हातात तरी जीव यावा, म्हणून त्याच्या बायकोने, ममताने, शहाद्याच्या दुकानातून सगळ्यात नरम दांड्याची जॉयस्टिक निवडून आणली आणि लॅपटॉपवरच्या अवकाशयानाच्या गेमला जोडली. मागे ओढलं की यान वर, अगदी ट्रॅक्टरच्या लिव्हरसारखं. "फक्त वायर निघू देऊ नका ताई, निघाली की यान आपोआपच उडायला लागतं," दुकानदाराने बजावलं होतं. श्रावणापासून हेमकांतने जिवाचं रान केलं, पण यान तसूभर हललं नाही.

दसऱ्याला ममताने ट्रॅक्टरच्या पान्यांसोबत जॉयस्टिकही पाटावर मांडून पुजली. मग हळदीकुंकवासकट तिने ती त्याच्या पंजाखाली ठेवली आणि नैवेद्याचं बघायला चुलीकडे वळली.

"ममता, देख! इमान वर चढनं! मन्हा हात हालना!"

ती धावत आली. यान वर गेलं, आपला हात हलला, या आनंदात तो इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हसत होता.



"हां, हालना," म्हणत तिने पाटावरच राहिलेली वायरची पिन हळूच झेंडूच्या फुलांखाली सरकवली.