बिनबाह्यांचा झगा

सहाव्या आठवड्यात धाकटीचं कोपर लख्ख झालं आणि थोरलीची शिलाई वाकडी जायला लागली.

दोघी बहिणी एकाच दुकानात शिवणकाम करायच्या. सोरायसिसही दोघींना, आईकडून आलेला. अंगाची राखण करणारी ताकदच कातडीवर उलटते, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला आवरणारी नवी सुई निघाली होती, पण अजून प्रयोगातली. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. दोघींचे डबे घरच्या फ्रिजमध्ये शेजारी-शेजारी असायचे. नंबर फक्त डब्यावर. आतल्या सुया अगदी सारख्या. दर रविवारी एकेक टोचून घ्यायची.

आता पाणी कुणाच्या डब्यात, ते सांगायला डॉक्टर कशाला हवा?

"ताई, दाखव बघू कोपर."

"कालच्यासारखंच आहे. डोळे निवले असतील तर ती कात्री दे."

धाकटीनं कात्री दिली. ती आकाशी कापडाचा बिनबाह्यांचा झगा बेतत होती. थोरलीच्या बाह्या वर्षानुवर्षं मनगटापर्यंत. आता ही मिरवणार. आणि बेतलाय तोही ढगळ. आनंदात मापसुद्धा चुकलं बाईचं.

शनिवारी धाकटी बटणं आणायला गेली. थोरलीनं दोन्ही डबे ओट्यावर उपडे केले. इकडच्या सहा सुया तिकडे, तिकडच्या सहा इकडे. लहानपणापासून चांगलं ते हिच्याच वाट्याला. जरा पाणी टोचून बघू दे.

पण धाकटीचे गुडघे साफ झाले, पाठही. थोरलीच्या खपल्या तशाच. दर रविवारी धाकटी थोरलीचं कोपर उजेडात धरून निरखायची आणि थोरली दात आवळून बसायची. हिला मेलीला पाणीही लागू पडतं.

बाराव्या रविवारी डबे रिकामे झाले. प्रयोग संपला; पुढं सुई मिळणार नव्हती.

धाकटीनं झगा आणून थोरलीच्या खांद्यांना लावला. बरोब्बर बसला.

"हा माझ्या मापाचा?"

"तुझ्यासाठीच बेतला होता." धाकटीनं खांद्यावरची चुणी सारखी केली. "ताई, रागावू नकोस. मी बटणं आणायला गेले होते ना, त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही डब्यांतल्या सुया बदलून ठेवल्या. म्हटलं, मला गुण आलाय, आता तुला येऊ दे. मग तुला का नाही गं आला?"