पाठीवरचं वजन

नातीच्या पत्राला नानांनी उत्तर दिलंच नव्हतं. 'पुढच्या महिन्यात डोंगरउतारावरची सायकल शर्यत आहे, नक्की या,' असं रेवतीनं लिहिलं होतं. पण पुढे सगळं कौतुक आबांचंच. आबा म्हणजे तिचे दुसरे आजोबा, पाचगणीत सायकलचं दुकान असलेले. नानांपाशी काय, नुसती पुस्तकं!

शेवटी न राहवून ते न कळवताच पाचगणीला गेले आणि दुकानासमोरच्या झाडाआड उभे राहिले.

हेल्मेट, पॅड, पाठीला सॅक अशा पुऱ्या तयारीनिशी रेवती पेडलवर उभी होती. आबांनी हँडल धरलं होतं. ती अलगद उतरल्यावर हादरे झेलणारा, हवा भरलेला पुढचा फोर्क तिच्या वजनानं किती दबला ते कळायला त्याच्या नळीवरचं रबरी कडं किती सरकलंय, हे त्यांनी वाकून पाहिलं.

"फारच दबतोय गं. सॅकमध्ये दगड भरलेस का?"

"नानांचं पुस्तक आहे. लहानपणी वाचून दाखवायचे ते."

"एवढं जाड? काढ आधी. फोर्क तळाला आपटेल."

"ते राहणार. सोबत असलं की मला भीती वाटत नाही. तुम्ही हवा वाढवा ना, आबा."

पंप जोडता जोडता आबा पुटपुटले, "भाग्यवान बुवा तुझे नाना. राबायचं आम्ही, आणि पाठीवर ते!"

नाना हळूच मागे फिरले. कोपऱ्यावरच्या पोस्टात त्यांनी कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'येतो. आबांना माझा नमस्कार. त्यांनी भरलेली हवा कमी करू नकोस.'

मग दुसरा विचार मनात यायच्या आत त्यांनी ते पेटीत टाकलं.