महिनाभराची नर्स

"उतरा, नर्सबाई," हवालदार म्हणाला. बस त्याने पुलाच्या अलीकडेच थांबवली होती. "बॅगही घ्या."

नर्स उतरली. तिची महिनाभराची बदलीवरची ड्युटी काल संपली होती. पुलापलीकडे मोठा रस्ता, त्या रस्त्याच्या टोकाला शहर, आणि शहरात सासूबाईंकडे ठेवलेली तिची सात वर्षांची लेक. लेकीला कबूल केलेले रंगीत खडू पर्समध्ये होते.

"गावसमितीच्या अध्यक्षांच्या आईची अंगठी सापडत नाही," हवालदार म्हणाला. "शेवटी हात तुम्ही धरला होता म्हणे."

"नाडी बघायला धरला होता."

"तेच म्हणतोय मी."

त्याने बॅग उलटीपालटी केली. अंगठी निघाली नाही. निघणार कुठून? "कानातले तुमचेच ना?" त्याने विचारलं. तिच्या आईची शेवटची आठवण होती ती, सोन्याची साधी फुलं, झोपतानाही ती काढायची नाही. ती हो म्हणाली. मग त्याने तिचं नर्सिंगचं प्रमाणपत्र तेवढं खिशात घातलं. चौकशी संपली की देतो म्हणाला. प्रमाणपत्राशिवाय तिला दुसऱ्या दवाखान्यात कोण उभं करणार? तिने आरोग्य खात्यातल्या मोठ्या साहेबांना फोन लावला. प्रकरण मिटेपर्यंत तिथेच थांबा, असं सांगून साहेब मोकळे झाले. बस निघून गेली.

आता चोर ठरल्यावर माणूस काय अपेक्षा धरणार? लोक तोंड फिरवतील, पाठीमागे कुजबुजतील. इथे उलटंच. बेकरीवाल्याने सकाळी ताजा पाव पाठवला. खोलीच्या मालकिणीने जाड गादी आणून टाकली. दवाखान्यापुढची रांग तशीच राहिली. आणि बेकरीवाल्याची सून अडली, तेव्हा हाक मारायला हवालदार स्वतः धावत आला.

"चोर म्हणता आणि बाळंतपणही माझ्याच हातात देता?" तिने विचारलं.

"चौकशी वेगळी, बाळंतपण वेगळं. चला लवकर, भाची आहे माझी."

बाळ पायाळू होतं. सुटका होईपर्यंत नर्सचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या वर्षी अशाच वेळी दवाखान्याला कुलूप होतं आणि शेजारच्या घरातली एक पोर गेली होती, हे तिला नंतर कळलं. त्या दिवशी तिला गावाचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

दवाखान्याला लागून टेलरमास्तरांचं दुकान होतं. "किती दिवस चालते हो इथली चौकशी?" तिने एकदा विचारलं.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "माझी अजून चालू आहे. एका लग्नाचे कपडे शिवायला आलो होतो मी. नवरदेवाची सोन्याची बटणं गेली म्हणे." त्यांनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. "त्या नवरदेवाचा मुलगा यंदा कॉलेजात गेला."

ती हसली. खोलीवर आली, दार लावलं आणि पोटभर रडली.

लेक फोनवर विचारायची, "कधी येतेस?" नर्स म्हणायची, "येत्या रविवारी." असे रविवार येत गेले. मग लेकीने विचारणंच सोडलं. पुढे सासूबाईंचे गुडघे धरले. आता हिच्यामागे धावणं मला होत नाही, असं म्हणून त्यांनी नातीला बसमध्ये बसवून दिलं. गावात येणारी बस कोणी अडवत नव्हतं. हवालदाराने पोरीला उचलून खाली उतरवलं, तिची पिशवीही खोलीपर्यंत आणून दिली.

गावातली शाळा बंद होती. पोर दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहायची, त्याच खडूंनी फरशीवर रेघोट्या मारायची. येत होते ते पाढेही विसरली. एकदा तिने स्वतःचं नावही चुकीचं लिहिलं.

अध्यक्षांच्या आईचं ब्लडप्रेशर बघायला ती नेमाने जायची. पहिल्या दिवशी ह्याच म्हातारीने चहा पाजून, हात हातात घेऊन विचारलं होतं, "किती दिवसांसाठी आलीस गं?" आता पट्टा बांधताना त्याच हातात अंगठी दिसली. म्हातारीने हात लपवला नाही. नर्सने आकडा सांगितला, मीठ कमी खा म्हणाली.

"पोरगी वाळलीय तुझी," म्हातारी म्हणाली. "शाळा पाहिजे तिला. शिक्षक मागितलाय मुलाने. येतात, पण टिकत नाही गं कोणी."

शिक्षक आला. तरणाताठा, हसरा. तीन महिन्यांची नेमणूक. पोरं त्याला सर म्हणायला लागली. लेक जेवताना मोठ्याने कविता म्हणू लागली, झोपेत पाढे बडबडू लागली. कितीतरी दिवसांनी नर्सच्या खोलीत हसण्याचा आवाज आला.

तीन महिने भरले तसे सर निरोप घ्यायला आले.

"उद्याच्या बसने निघतो, ताई. बायकोचे दिवस भरत आलेत. एकटीच आहे घरी."

"बसा, चहा टाकते," नर्स म्हणाली. "बाळंतपण कुठे करणार?"

"तिकडेच. चांगला दवाखाना आहे."

"इथेही आहे," ती म्हणाली.

सर हसले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, अभ्यास सोडू नकोस म्हणाले. लेकीने त्यांची बाही धरून ठेवली होती, ती त्यांनी हळूच सोडवली. दारात वळून म्हणाले, "ताई, तुमचे फार उपकार झाले."

नर्सने कप विसळले. मग कानांतली फुलं काढली, तांदळाच्या डब्यात अगदी तळाशी सारली, आणि लेकीला हवालदाराला बोलवायला पाठवलं.