चार बोटांची खाच

चौथीच्या बाईंनी गौताळ्याच्या जंगलात मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून प्रत्येकाला एकेका झाडापाशी सोडलं. हाताला काय लागतं, वास कसला येतो, एवढंच सांगायचं. साळूचा हात धावड्याच्या गुळगुळीत सालीवरून सरकत खाचेत शिरला आणि ती हरखली. "बाई, हे झाड मला म्हाईत हाय. मी पहिलीत व्हते तवा आईनं मोळीसाठी इथं घाव घातला व्हता. तवा खाचंत चार बोटं जायची, आता दोनच जातात." मुलांसोबत आलेल्या जंगलगार्डनं लाकूडतोडीची नोंद करायला खिशातून वही काढली. वहीची पानं वाजली, तशी साळूनं जीभ चावली. पण साळूला राहवेना. रुमाल वर सारून तिनं विचारलं, "साहेब, झाडाची जखम भरून आली, का माझीच बोटं वाढली?" गार्डनं वही मिटून खाचेत बोट घातलं. "माझं बोट आता वाढायचं नाय," तो म्हणाला. "पुढल्या साली यानंच मोजू."